बोटं सुधारली, पाठ नाही

मला सोरायटिक आर्थ्रायटिस आहे, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारा सांध्यांचा दाह. त्यावर मेथोट्रेक्झेट हे औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत माझी बोटं ताळ्यावर आली. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून टोकापर्यंत सुजून लाल व्हायची, ती सूज उतरली. पेन नीट धरता यायला लागलं, बाटलीचं झाकण उघडायला कुणाला हाक मारावी लागेना. डॉक्टर खूश, घरचे खूश. पाठ मात्र होती तशीच. पहाटे जाग यायची ती दुखण्यानेच. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे, आणि उठल्यावर बराच वेळ कंबर वाकायचं नाव घेत नसे.

एकाच औषधाने हाताला गुण येतो आणि पाठीला अजिबात येत नाही, हे मी प्रत्येक भेटीत सांगत होते. पण माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर मान खाली, नजर ओळीवर, एक बोट पानावर. त्यामुळे उत्तर तयारच असायचं: "तुमचं कामच तसं आहे हो, बसण्याची पद्धत सुधारा." घरच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, शेजारणीने तेच सांगितलं, खुर्ची विकणाऱ्याने तर फारच आत्मविश्वासाने सांगितलं. कारण इतकं सोयीचं होतं की दुसरं शोधायची कुणाला गरजच वाटेना.

त्यात एक गोष्ट बसत नव्हती. कामामुळे पाठ दुखत असेल तर सुट्टीच्या दिवशी तिने गप्प राहायला हवं. माझं नेमकं उलटं. सुट्टीला उशिरापर्यंत लोळले की पाठ दुपारपर्यंत आखडलेली. आणि मजकूर छपाईला जायच्या घाईत सतरा वेळा उठबस झाली की त्या संध्याकाळी चक्क हलकं वाटायचं.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या आजारांचे डॉक्टर, बदलले (आधीचे निवृत्त झाले) आणि नव्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत कागद बाजूला ठेवला. "बोटं पाहिली. आता पाठीचं सांगा. पडून राहिल्यावर बरं वाटतं की हालचाल केल्यावर? रात्री झोपमोड होते का? उठून चार पावलं टाकली की कमी होतं का? कुल्ल्यात खोल कुठे दुखतं का, कधी डावीकडे, कधी उजवीकडे?"

शेवटचा प्रश्न ऐकून मी नवऱ्याकडे पाहिलं. हे दुखणं मी त्यालाही सांगितलं नव्हतं. सुजलेलं बोट समोर धरता येतं. कुल्ल्यात दुखतं म्हणून कोण कुणाला सांगत बसणार? आणि खरं तर ती जागा म्हणजे त्रिकास्थी आणि कमरेचं हाड जिथे जुळतात तो सॅक्रोइलियाक सांधा. या आजारात पाठीचं दुखणं बरेचदा तिथूनच सुरू होतं.

दाहामुळे होणारी पाठदुखी ओळखायला डॉक्टर साधारण पाच गोष्टी पाहतात. चाळिशीच्या आत सुरू झालेली, नकळत हळूहळू वाढलेली, व्यायामाने कमी होणारी, आरामाने कमी न होणारी आणि रात्री त्रास देऊन उठल्यावर सुधारणारी. यातल्या चार जुळल्या तर संशय पक्का. माझ्या पाचही जुळल्या. पण बाईंनी लगेच बजावलं, की सोरायसिसवाल्यांच्या पाठीला हे प्रश्न पुरे पडत नाहीत. काहींची पाठ चाळिशीनंतर सुरू होते, काहींना ठरावीक पद्धतीची पाठदुखी नसते, आणि काहींच्या एक्सरेत मणक्यांवर बदल स्पष्ट दिसतात पण दुखण्याची तक्रारच नसते. म्हणून सांधे सुजलेल्या प्रत्येक सोरायसिसवाल्याला पाठीबद्दल मुद्दाम, वेगळं विचारावं लागतं. या सगळ्या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं त्याच्या अनुषंगाने.

माझा सोरायसिस कॉलेजपासूनचा. डोक्यात, कानामागे, आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. त्वचा कधीच फार पसरली नाही, त्यामुळे मी स्वतःला 'सौम्य' गटात धरत आले. पण त्वचेवर किती पसरलंय आणि सांध्यांना किती धोका आहे यांचं गणित सरळ नसतं. सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सोरायटिक आर्थ्रायटिस होतो. बहुतेकांना त्वचा आधी आणि सांधे बऱ्याच वर्षांनी, थोड्यांना उलट्या क्रमाने. आणि डोक्यातला, नखांवरचा आणि नितंबांमधल्या घडीतला सोरायसिस असेल तर सांध्यांची शक्यता जास्त, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे जे मी केसांखाली आणि नेलपॉलिशखाली झाकत होते, त्याकडेच नीट बघायला हवं होतं. आणि ते त्वचेच्या डॉक्टरांचंही काम होतं.

पाठीचे आकडे मात्र विचित्र आहेत. १९७३ साली मॉल आणि राइट या दोघांनी या आजाराचे पाच प्रकार मांडले, त्यात मुख्यतः कण्याचा आजार असलेले रुग्ण जेमतेम ५ टक्के धरले होते. आज वाचायला गेलं तर जुना आजार असलेल्यांत कण्याचा सहभाग २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत काहीही सापडतो. हा घोळ मोजणाऱ्यांच्या आळशीपणाचा नाही. कुणी फक्त दुखणं मोजतं, कुणी एक्सरे, कुणी एमआरआय. शिवाय ५ टक्क्यांत फक्त तेच होते ज्यांचा आजार प्रामुख्याने कण्यात होता; माझ्यासारखे, ज्यांची बोटंही सुजतात आणि पाठही धरते, ते दुसऱ्याच खान्यात. नक्की कुणाला 'कण्याचा सोरायटिक आर्थ्रायटिस' म्हणायचं यावर वर्षानुवर्षं एकमत नव्हतं. म्हणून तर आसास आणि ग्राप्पा या दोन आंतरराष्ट्रीय गटांनी मिळून ॲक्सिस नावाचा अभ्यास हाती घेतला.

तपासायच्या टेबलाजवळ बाईंनी टेप काढली. पाठीवर कमरेच्या खळग्यांच्या रेषेपासून वर १० सेंटिमीटर आणि खाली ५ सेंटिमीटरवर पेनाने खुणा केल्या आणि मला गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगितलं. १५ सेंटिमीटरचं ते अंतर वाकल्यावर निदान २० व्हायला हवं. माझं साडेअठरा भरलं. मग भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून डोकं भिंतीला लागतं का ते पाहिलं, छाती किती फुगते ते पाहिलं, मान दोन्हीकडे किती वळते ते पाहिलं. मान डावीकडे फारच कमी वळत होती. मला त्याचं नवल वाटलं नाही. स्कूटरवरून मागे बघायचं झालं तर मी केव्हापासूनच खांद्यासकट वळत होते.

आता मावसभावाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याच्यामुळे मला माझा आजार जास्त कळला. दादाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, म्हणजे दाहाने कणा ताठरत नेणारा आजार, विशीपासून. घराण्यात पाठीचा अधिकारी पुरुष तोच. माझे रिपोर्ट आले तेव्हा त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "बी२७ काय आलं?"

"निगेटिव्ह," मी म्हटलं.

"मग सुटलीस. तुला हे नाही. मानेचे पट्टे सैल करून घे आणि काम कमी कर."

दादाचं म्हणणं त्याच्या आजारापुरतं बरोबर होतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असलेल्यांपैकी ८० ते ९० टक्के लोकांत एचएलए-बी२७ हा जनुक सापडतो. सोरायसिससोबत कणा धरलेल्यांत मात्र तो बराच कमी, साधारण २० ते ४० टक्क्यांत. म्हणजे आमच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा तो रिपोर्ट निगेटिव्हच येणार. रक्तात दाहाची खूण दाखवणारा माझा सीआरपीही नॉर्मल होता, आणि तेवढ्यानेही काही सुटका होत नाही. कण्यात दाह असून रक्तात त्याचा मागमूस नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात. हे त्याला समजावता समजावता दोन दिवस गेले, कारण इतकी वर्षं आजार सोसलेल्या माणसाला 'तुझ्यासारखंच आहे पण तुझ्यासारखं नाही' हे पटवणं सोपं नसतं.

शेवटी आम्ही दोघांच्या एक्सरेच्या फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या. काय अजब कौटुंबिक करमणूक! त्याचे दोन्ही सॅक्रोइलियाक सांधे सारखेच धूसर, बुजत आलेले. माझा डावा खराब, उजवा जवळजवळ स्वच्छ. त्याच्या मणक्यांना जोडणारे हाडाचे पूल बारीक, एका मणक्याच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंत नीट गेलेले, दोन्ही बाजूंना सारखे, खालून वर चढत गेलेले. माझे मोजकेच, पण जाड, काठापासून थोडे दूर सुरू होणारे, एकाच बाजूला, मध्येच दोन मणके सोडून पुढे. आणि मानेत त्याच्यापेक्षा माझ्याकडे जास्त गडबड. सोरायसिसच्या कण्याची ही ओळख बाईंनी आधीच सांगितली होती: बाजू सारख्या नसतात, हाड जाड येतं, क्रम पाळत नाही, मान बरेचदा सापडते. मुद्रितशोधकाच्या नजरेला असली विसंगती चटकन दिसते. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुझं टायपिंग फारच गचाळ आहे गं."

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. अँकिलोझिंगमध्ये आधी कमरेखालचे सांधे बघतात, ते स्वच्छ असतील तर संशय बराच कमी होतो. आमच्यात सॅक्रोइलियाक सांधे स्वच्छ असूनही वरचे मणके धरलेले असू शकतात. म्हणून नुसत्या कमरेच्या एक्सरेवर निकाल देऊन चालत नाही. माझा एमआरआय काढताना बाईंनी कमरेसोबत अख्ख्या कण्याची तपासणी लिहून दिली आणि पाण्याचं प्रमाण उठून दिसेल अशा पद्धतीच्या प्रतिमा मागितल्या. हाडाच्या आतल्या मगजात सूज असेल तर ती तिथे पांढरी दिसते. छातीच्या दोन मणक्यांच्या कोपऱ्यांत आणि मानेच्या मागच्या छोट्या सांध्यांत ते पांढरं होतं.

लेखी अहवालात मात्र 'वयोमानानुसार झीज' असं एक वाक्य होतं. बाईंनी फिल्म स्वतः उजेडाला लावून पाहिली, रेडिओलॉजिस्टना फोन केला, "पेशंटला सोरायसिस आहे, पुन्हा एकदा बघाल का?" म्हणून विचारलं, आणि सुधारित अहवाल आला. तपासणीच्या चिठ्ठीवर सोरायसिस हा शब्द आधी कुणी लिहिलाच नव्हता. तुमच्या चिठ्ठीवर तो आहे का, एवढं जाण्यापूर्वी वाचून घ्या.

उलट बाजूही सांगते, कारण एमआरआय म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. धावणाऱ्या खेळाडूंच्या आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या सॅक्रोइलियाक सांध्यांतही असे पांढरे डाग दिसू शकतात. शिवाय वय, वजन आणि मधुमेह यांच्याशी जोडलेला डिश नावाचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यात मणक्यांच्या पुढच्या अस्थिबंधावर हाड जमत जातं, बहुधा छातीच्या भागात उजवीकडे. तो सोरायटिक आर्थ्रायटिसवाल्यांत एरवीपेक्षा जास्त आढळतो, म्हणजे एकाच माणसात दोन्ही असायची सोय. फिल्म, लक्षणं, त्वचा, नखं सगळं एकत्र वाचणारं माणूस लागतं.

दाह बसतो कुठे, तर सांध्याच्या पोकळीपेक्षा जास्त करून अस्थिबंध आणि स्नायूंचे दोर हाडाला जिथे चिकटतात तिथे. त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. टाच दुखते ती तिथेच. संपूर्ण कणा अशा जोडांनी भरलेला आहे: चकतीच्या कडा, मणक्यांमागचे सांधे, बरगड्या जिथे मणक्याला टेकतात ती ठिकाणं. मला शिंक आली की छाती का दुखायची याचं उत्तर त्या शेवटच्या जागेत होतं. आणि या दाहाचा विक्षिप्तपणा असा, की तो हाड खातो आणि शेजारीच नवं हाड घालतो.

आता बोटं सुधारून पाठ का सुधारली नाही ते. मेथोट्रेक्झेट, सल्फासॅलझिन ही औषधं हातापायांच्या सांध्यांवर चालतात, कण्याच्या दाहावर त्यांचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. हे ऱ्हुमॅटॉलॉजीत जुनं ज्ञान आहे. पाठ धरली आहे हे कळलं की उपचाराची दिशाच बदलते. आधी सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पूर्ण मात्रेत, सलग, पोट आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. त्याने पुरेसं भागलं नाही तर मधली पायरी सोडून थेट बायोलॉजिक इंजेक्शनं: शरीरात दाह वाढवणारे रेणू, म्हणजे टीएनएफ किंवा आयएल-१७, रोखणारी. पेशींतले दाहाचे संदेश अडवणाऱ्या जॅक गटातल्या गोळ्याही आहेत. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी पाठीला फारसा फायदा नाही, आणि त्या अचानक बंद केल्या तर सोरायसिस भडकण्याची भीती. कुणी 'दोन आठवडे घेऊन बघा' म्हणालं तर आधी त्वचेचा इतिहास सांगा.

मला वेदनाशामक गोळ्यांनी निम्मं बरं वाटलं, मग सेक्युकिनुमॅब हे आयएल-१७ रोखणारं इंजेक्शन ठरलं. त्याआधी सुप्त क्षयाची तपासणी, कावीळ बी आणि सीची तपासणी. हे औषध निवडण्यामागे त्वचा हे एक कारण होतं आणि मॅक्झिमाइज नावाची चाचणी हे दुसरं. सोरायसिससोबत पाठीचा त्रास असलेल्यांवरच, अँकिलोझिंगवाल्यांचे निष्कर्ष उसने न घेता केलेली ही पहिली मोठी चाचणी. सुमारे ५०० रुग्ण, सगळे गोळ्यांनी पुरेसं न भागलेले. १२ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोकांत ठरवलेल्या मापाइतकी सुधारणा झाली, औषध नसलेली इंजेक्शनं घेणाऱ्यांत साधारण ३१ टक्के. तिच्यावरचा आक्षेपही मला पटतो: चाचणीत घेताना एमआरआयचा पुरावा सक्तीचा नव्हता, डॉक्टरांचा अंदाज चालला. पण निदान प्रश्न तरी आमच्या पाठीबद्दल विचारला गेला.

इंजेक्शनानंतर काही एका सकाळी उठून नाचायला लागले नाही. एकदा गजर वाजला आणि लक्षात आलं, की आज गजरानेच जाग आली. मानेत मात्र जेवढं हाड जमलंय तेवढं राहिलं. औषध दाह कमी करतं, बनलेला पूल मोडत नाही. म्हणून मानेबद्दल बाई कडक आहेत. मान मोडून घेणं, झटका देऊन 'बसवणं' पूर्ण बंद. ताठरलेला कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो. कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेचं आधी सांगायचं, कारण श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे न्यावी लागते. पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, तापासोबत पाठ दुखणं, यातलं काहीही झालं तर ठरलेल्या भेटीची वाट बघायची नाही. डोळा लाल होऊन दुखला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी. हा आजार डोळ्यातही उतरतो.

व्यायामावर खूप काही लिहून झालंय, मी थोडक्यात आटपते. रोज पालथं पडून छाती उचलणं, मान सावकाश वळवणं, खोल श्वास, आणि शक्य तेव्हा पोहणं. मजकूर मी आता तिरप्या फळीवर ठेवून उभ्याने तपासते. कण्याचा दाह त्याने जात नाही, पण मान दिवसभर खाली राहत नाही. बसण्याची पद्धत सुधारा म्हणणारे तेवढ्यापुरते बरोबर होते, हे मान्य करायला माझं काही जात नाही.

सध्याचा पेच वेगळा आहे. पाठ बरी, पण डोक्यातला सोरायसिस पुन्हा डोकं वर काढतोय. त्वचेच्या डॉक्टरांना औषध बदलून आयएल-२३ हा दाहाचा दुसरा रेणू रोखणारं इंजेक्शन द्यायचं आहे. त्वचेवर ती औषधं फार चांगली चालतात. डॉक्टरबाई कां-कूं करताहेत. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या चाचण्यांत आयएल-२३ रोखणारं रिसँकिझुमॅब आणि आयएल-१२ व २३ दोन्ही रोखणारं उस्टेकिनुमॅब, दोन्ही पाठीवर नापास झाली. पण गुसेलकुमॅब या आयएल-२३ रोखणाऱ्याच औषधाच्या सोरायटिक आर्थ्रायटिसवरच्या चाचण्यांतले पाठवाले रुग्ण मागाहून वेगळे काढून पाहिले, तेव्हा त्यांची पाठ सुधारलेली दिसली. दादाच्या कण्याला जे लागू पडत नाही ते माझ्या कण्याला कदाचित पडेल. बाई म्हणतात, मागाहून वेगळं काढून पाहिलेल्या आकड्यांवर मी चांगली चाललेली पाठ पणाला लावणार नाही. दोघांचं फोनवर बोलणं झालं, मी शेजारी बसून ऐकलं. तूर्त इंजेक्शन तेच, डोक्याला लावायचं औषध जास्त कडक, आणि एमआरआय पुन्हा. चिठ्ठीवर या वेळी 'सोरायसिस' ठळक अक्षरांत आहे. मी तपासून घेतलं.